शेतातला मोर आणि शिकारीचा कैवार

गेल्या श्रावणात नव्या सांगवीतील एका स्नेह्यांकडे सत्यनारायणाच्या प्रसादास गेलो असता, पंगत उठल्यावर पानसुपारीच्या वेळी जे संभाषण झाले ते अजून मनातून जात नाही. बोलणारे गृहस्थ वयाने प्रस्तुत लेखकाच्या बरोबरीचे, पदवीधर, सुस्वभावी आणि ज्यांच्या शब्दाला गावात मान आहे असे. त्यांच्या वडिलांची जमीन एके काळी पवनेच्या काठी होती; तिच्यावर आता बारा मजली इमारती उभ्या आहेत. त्या व्यवहारात आलेल्या पैशांपैकी काही त्यांनी खेड तालुक्यात शेत घेण्यात घातले आणि तेथे भुईमूग लावला. भुईमूग उगवून वर आला, त्याच्या पाठोपाठ मोर आले.

"सर," ते म्हणाले, "तुमच्या कायद्यानं आमचे हात बांधलेत. सकाळी वीस-पंचवीस लांडोरी उतरतात आणि ओळीच्या ओळी उकरून जातात. मला वर्षाला दहा मोर मारायची परवानगी द्या, बाकीचे आपोआप शहाणे होतील. आमच्या आजोबांच्या वेळी मारीतच होते की!"

भोवतीच्या मंडळींनी माना डोलावल्या. एका तरुण अभियंत्याने अमेरिकेतील रानटर्कीचा दाखला दिला. आणखी एकाने शिकार हा मराठ्यांचा जुना शौक असल्याचे सांगून टाकले. मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि तबकातली सुपारी उचलून घरी आलो. वर्गात चाळीस मिनिटे अखंड बोलणाऱ्या माणसाला चारचौघांत मुद्द्याचे उत्तर सुचू नये, ही आमच्या व्यवसायातील जुनीच व्यथा आहे. ते उशिरा सुचलेले उत्तर येथे देत आहे.

त्यांच्या म्हणण्यातील खरा भाग आधी मान्य केला पाहिजे. कारण पक्ष्यांचा कैवार घेणारी आपली शहरी मंडळी नेमकी तेथेच चुकतात. मोर शेताचे नुकसान करतो. तो साप खातो, उंदीर खातो, टोळ आणि अळ्या वेचतो, म्हणून तो शेतकऱ्याचा मित्र, हे शाळेच्या पुस्तकातील वाक्य अर्धेच खरे आहे. अंकुरलेला भुईमूग, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, टोमॅटो, मिरची, बाजरीचे कणीस, यांपैकी त्याला काहीही वर्ज्य नाही; आणि जेवढे तो खातो त्याहून अधिक त्याच्या पायांनी विसकटले जाते. शिवाय तो वाढला आहे. देशभरातील हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून सिद्ध केलेला भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा एक अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात अनेक जातींविषयी काळजीचा सूर आहे; पण मोराची संख्या २००० सालानंतर सुमारे दीडशे टक्क्यांनी वाढली असावी असे अनुमान काढलेले आहे. केरळात तर पूर्वी जेथे मोर ठाऊक नव्हता त्या भागांतही तो आता दिसू लागला आहे. तेव्हा बांधावर उभे राहून आपल्या उकरलेल्या ओळींकडे पाहणाऱ्या माणसाला 'हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे हो' असे सांगावयास जाणे ही दया नव्हे. ती थट्टा आहे, आणि तीही दुसऱ्याच्या खर्चाने केलेली.

या विषयात मी स्वतः सोवळा आहे असेही नाही. १९८० च्या सुमाराची गोष्ट असेल; मी दहा वर्षांचा होतो. आमचे आजोळ भीमेच्या काठच्या एका लहान खेड्यात. मामांजवळ एक ठासणीची बंदूक होती आणि तिला पीकसंरक्षणाचा परवाना होता. माणूस मोठा प्रेमळ. बैलाला चाबूक लावलेला त्यांना खपत नसे. भाद्रपदातल्या एका सकाळी भुईमुगात उतरलेली एक लांडोर त्यांनी टिपली. आजीने ते कालवण घरात शिजू दिले नाही. परड्यात तीन दगड मांडून ते शिजले, आणि आम्ही मुलांनी ते मिटक्या मारीत खाल्ले हेही सांगितले पाहिजे. पिसे मात्र मामांनी उकिरड्यात हातभर खोल पुरली. वन्यजीवांचा कायदा होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. मला तो ठाऊक नव्हता, त्यांना ठाऊक असावा. दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या तुरीतून बारीक चिवचिवाट ऐकू येऊ लागला. लांडोरीबरोबर पिले होती. मामा मला घेऊन दुपारपर्यंत तुरीच्या ओळी धुंडाळीत हिंडले. एक पिलू सापडले. ते संध्याकाळी मेले. मामा त्या दिवशी कोणाशी फारसे बोलले नाहीत. आणि भुईमुगाचे म्हणाल तर त्या वर्षीही त्याची राखण माळ्यावर बसून, गोफण फिरवूनच करावी लागली. कारण चार दिवसांनी दुसऱ्या लांडोरी आल्या.

ही हकीकत करुणरसासाठी सांगितलेली नाही. आमच्या स्नेह्यांच्या मागणीतील पहिली चूक तिच्यात उघड दिसते. मोर मारल्याने मोर शहाणे होत नाहीत. जेथे दाणा आहे, पाणी आहे, रात्री बसायला उंच झाड आहे आणि कोल्हा-खोकडाचे भय कमी झालेले आहे, तेथे रिकामी झालेली जागा दुसरा मोर भरून काढतो. दहांचा परवाना पहिल्या वर्षी पुरेसा वाटेल, दुसऱ्या वर्षी वीसांचा लागेल. आणि पीक वाचले की नाही हे मोजण्यापूर्वीच किती मारले हे मोजण्याची गोडी लागेल. दुसरे असे की, बंदूकवाल्याची नजर कोठे जाते? पिसाऱ्यावर. शेतात उतरून ओळी उकरणारा थवा बहुधा लांडोरींचा आणि वाढत्या पिलांचा असतो. नराला पूर्ण पिसारा येण्यास तीन-चार वर्षे लागतात, म्हणजे शिकाऱ्याला हवा असणारा पक्षी हा शेतकऱ्याला नडणाऱ्या पक्ष्याहून निराळा आहे. 'जास्तीचे नर तेवढे मारू' असे म्हणणाऱ्यांनी, मग भुईमूग कसा वाचणार, याचे उत्तर द्यावे. आणि 'लांडोरी मारू' म्हणणाऱ्यांनी त्यांच्या मागे धावणाऱ्या पिलांचे काय, हे सांगावे.

आता कायद्याकडे वळू. 'तुमचा कायदा' असे आमचे स्नेही म्हणाले, जणू काही तो गेल्या आठवड्यात आम्हा प्राध्यापकांनी चहा पिता पिता लिहिला. वस्तुतः त्यांच्या आजोबांच्या वेळीही मनास येईल तेव्हा मारण्याची मोकळीक नव्हती. इंग्रज सरकारने रानपक्ष्यांसाठी पहिला कायदा १८८७ साली केला. दुसरा, अधिक व्यापक, १९१२ साली. त्या १९१२ च्या कायद्याच्या यादीत माळढोक, तणमोर आणि मोर या तिघांचीही नावे आहेत, आणि त्यांच्यासाठी शिकारबंदीचा हंगाम ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिलेला आहे. इंग्रज स्वतः शिकारीचा मोठा शौकीन. त्यालाही विणीच्या दिवसांत बंदूक खाली ठेवावी लागते हे कळत होते. पुढे मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा झाला, १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी ठरला आणि १९७२ साली आजचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात मोर पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या सहावरून चारांवर आणली, तरी त्याचे स्थान हलले नाही.

या अनुसूचीचा अर्थ पुष्कळांना माहीत नसतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. कायद्याच्या अकराव्या कलमान्वये राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकास काही प्रसंगी प्राणी मारण्याची परवानगी देता येते. दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी उभ्या पिकाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला तर तेवढे कारण पुरते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत मात्र तो मनुष्याच्या जिवाला धोकादायक असावा लागतो, किंवा बरा होण्यापलीकडे जायबंदी वा रोगग्रस्त असावा लागतो. मोराने माणसाच्या जिवाला धोका निर्माण केल्याचे उदाहरण शोधण्यास फार मोठी कल्पनाशक्ती लागेल. बासष्टाव्या कलमाने केंद्र सरकारला एखादा प्राणी ठरावीक प्रदेशापुरता आणि मुदतीपुरता उपद्रवी ठरविता येतो. पण पहिली अनुसूची त्या कलमातून मुद्दाम वगळलेली आहे. म्हणजे आमच्या स्नेह्यांची मागणी 'एक परवाना द्या' इतकी साधी नाही. मोराला पहिल्या अनुसूचीतून खाली उतरवा, अशी ती मागणी आहे. परवान्यावाचून मारणाऱ्यास कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद आहे, हेही पानसुपारीच्या वेळी कोणास आठवत नव्हते.

अशी मागणी सरकारी पातळीवरही एकदा झालेली आहे. २०१६ च्या प्रारंभी गोव्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांनी पिकांना त्रास देणाऱ्या प्राण्यांच्या यादीचा विचार चालू असल्याचे सांगितले, आणि त्या विचाराधीन नावांत माकड, रानडुक्कर यांच्या जोडीला मोरही होता. देशभर आरडाओरड झाली. ज्या राज्याने त्याच सुमारास कायद्यातील 'वृक्ष' या व्याख्येतून नारळाचे झाड वगळले होते, त्याने मोराला उपद्रवी म्हणावे यात शास्त्र नसले तरी सुसंगती होती! तो विचार पुढे सरकला नाही. बिहारात मात्र रोही या प्राण्यास आधीच उपद्रवी ठरविण्यात आले होते, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मोकामाच्या शेतांत बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही थोड्या दिवसांत मारले. केंद्रातील दोन मंत्री त्यावरून जाहीरपणे एकमेकांवर तुटून पडले. ते भांडण वृत्तपत्रांना पुरले. ज्या गोष्टीकडे कोणी पाहिले नाही ती ही, की शेतकऱ्याच्या नावाने मिळविलेला परवाना शेतकऱ्याच्या हाती राहिला नाही. तो ज्याच्याजवळ चांगली रायफल, गाडी आणि सवड होती त्याच्याकडे गेला. आमच्या खेड तालुक्यात याहून वेगळे होईल असे मानण्यास मला काही आधार दिसत नाही. पुण्यात, पिंपरीत, चाकणात हौशी बंदुका पुष्कळ आहेत, आणि शनिवार-रविवारची सुट्टीही आहे.

'पण सर, मोर लाखांनी आहेत. दहा मारल्याने काय होते?' या प्रश्नाचे उत्तर सोलापूर आणि नगरच्या माळांनी देऊन ठेवले आहे. माळढोक हा मोराएवढाच, किंबहुना वजनाने त्याहून भारी पक्षी. तोही माळावर आणि शेतात वावरणारा. टोळ खाणारा, सरडे खाणारा, वेळप्रसंगी हरभरा-भुईमूगही खाणारा. एके काळी दख्खनच्या पठारावर तो इतका होता की त्याची मोजदाद करण्याची कोणास गरज वाटली नाही. रॉबर्ट मॅन्सफील्ड या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत एकट्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एक माणूस, एक जिल्हा, ठासणीच्या बंदुकांचा काळ! त्या नोंदीत पश्चात्तापाचा शब्द नाही आणि असण्याचे कारणही नव्हते. पक्षी संपणारे नाहीत अशीच सर्वांची समजूत होती. माळढोक माणसाला लांबून बुजतो, पण बैलगाडीला बुजत नाही. तेव्हा शिकारी गाडीआडून जवळ जात. पुढे जीप आली आणि तेवढेही कष्ट उरले नाहीत. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. जो पक्षी वर्षाला एक पिलू वाढवितो त्याच्या थव्यातून दरसाल किती उचलावे याचे गणित तिसरीतल्या मुलालाही जमेल. ते कोणी मांडले नाही. आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरला आहे, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात. नान्नजच्या माळावर एखादा दिसला तर त्याची वृत्तपत्रात बातमी होते. राष्ट्रीय पक्षी म्हणून मोराऐवजी माळढोक निवडावा असा आग्रह डॉ. सालिम अली यांनी धरला होता. मोराला संरक्षणाची गरज कमी आहे, माळढोकाला अधिक आहे, हे त्यांना तेव्हाच दिसत होते.

मोर म्हणजे माळढोक नव्हे, हे मला ठाऊक आहे. लांडोर चार-सहा अंडी घालते, झाडावर झोपते, माणसाच्या वस्तीशी जुळवून घेते. त्यामुळे मोर शंभर वर्षांत संपेल असे भाकीत मी करीत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, 'पुष्कळ आहेत' हे वाक्य ज्या तोंडांनी माळढोकाविषयी उच्चारले त्यांच्यावरही आपल्याइतकाच विश्वास ठेवण्यासारखा होता.

तथापि नान्नजच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती आमच्या पक्षाला झोंबणारी आहे म्हणून मुद्दाम सांगतो. १९७९ साली सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी जे अभयारण्य जाहीर झाले त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला ते सोपे गेले. पण त्या रेघेच्या आत गावेच्या गावे होती, बाजारपेठा होत्या, हजारो कुटुंबांची खाजगी शेते होती. जमिनीच्या व्यवहारांना अडचणी येऊ लागल्या, आणि ज्याला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी मानीत आला त्या पक्ष्याचे नाव काढताच त्याच्या कपाळाला आठी पडू लागली. अखेर ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. तोवर जे वैर निर्माण व्हायचे ते होऊन गेले होते. ज्याच्या शेतात पक्षी राहतो त्याला न विचारता पक्ष्याचे रक्षण करू पाहणारा कायदा कागदावर कितीही कडक असला, तरी शेतात तो विषाच्या दाण्याने मोडला जातो. कीटकनाशकात भिजविलेले धान्य बांधावर टाकणे बंदुकीपेक्षा सोपे, मुके आणि स्वस्त आहे. आणि त्यात मोराबरोबर तित्तिर, होला, चिमणी, शेजाऱ्याची कोंबडी, सगळी सारखीच मरतात. हा मार्ग आज काही ठिकाणी अवलंबिला जातो हे आपण सर्व जाणतो. परवाना दिल्याने तो बंद होईल असे कोणी सांगू नये. विष टाकणारा आणि परवाना मागणारा हे बहुधा निराळे लोक असतात. पहिल्याला अर्ज लिहिण्याचीही ऐपत नसते.

अमेरिकेच्या दाखल्याला थोडक्यात उत्तर देतो, कारण तो प्रामाणिकपणे दिलेला होता. तेथील रानटर्की गेल्या शतकाच्या प्रारंभी बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने जवळजवळ नाहीसा झाला होता; आज तो लाखांनी आहे, आणि त्याची शिकारही कायदेशीर आहे. हे सर्व खरे. पण मधल्या काळात काय घडले? आधी बंदी आली. मग १९३७ सालच्या कायद्याने बंदुका आणि काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न राज्यांना वन्यजीवांसाठीच राखून ठेवले. पक्षी पकडून ते ओसाड झालेल्या रानांत नेऊन सोडले, मोजले, हंगाम ठरविला, डोईमागे संख्या ठरविली. आणि हे सारे झाल्यावर बंदुकीला परवानगी मिळाली. आमच्या तरुण मित्राने यांतील शेवटची पायरी तेवढी उचलली. खेड तालुक्यात मोर किती आहेत हे आज कोणी सांगू शकत नाही; आणि ज्याची मोजदाद नाही त्यातून दहा वजा करण्याचा हिशेब मात्र तयार आहे.

परंपरेचा मुद्दा दोन्ही बाजूंनी इतका फसवा वापरला जातो की त्यावर न बोललेले बरे; पण मराठी वाचकाला परंपरेवाचून लेख संपल्यासारखा वाटत नाही. 'आपली संस्कृती मोराची पूजा करणारी' असे आमचे पक्षिमित्र म्हणतात. अशोकाचा पहिला शिलालेख त्यांनी वाचावा. पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज अगणित प्राणी मारले जात, आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण नेहमीच नाही, आणि यापुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असा त्यातील आशय आहे. म्हणजे हरिण सुटले तरी मोर सुटत नव्हता. जगातला मोठा अहिंसावादी सम्राट सर्वांत शेवटी ज्याचा मोह सोडतो ते मोराचे मांस. आमच्या जुन्या वैद्यकग्रंथांतही मोराच्या मांसाचे गुण सांगितलेले आहेत. तेव्हा पूर्वज मोर खात होते, हे शिकारवाद्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्याच शिलालेखाचे शेवटचे वाक्य ते सोडून देतात. पूर्वजांनी काय खाल्ले याच्याइतकेच त्यांनी काय सोडले हेही परंपरेत मोडते. आणि येथून हाकेच्या अंतरावरील चिंचवडच्या देवाची पालखी दरवर्षी माघात आणि भाद्रपदात ज्या मोरगावला जाते, तेथला मयूरेश्वर मोरावर बसतो, मोर ताटात घेत नाही.

शिकार हा शौक आहे असे ज्यांनी सांगितले त्यांना एकच विचारतो. फासेपारध्याने एक तित्तिर फाशात धरला तर आपल्यापैकी कितीजण त्याच्या बाजूने उभे राहतात? शिकार हा त्याचा शौक नव्हता, पोटाचा धंदा होता. इंग्रजांनी त्या समाजाला जन्मजात गुन्हेगार ठरविले, १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, आणि अजून त्याच्या पालाशेजारी पोलिसांची गाडी थांबते. त्याच्या हातातील फासा तो गुन्हा आणि आमच्या हातातील रायफल तो 'पीकसंरक्षणाचा हक्क', ही विभागणी मला तरी समजलेली नाही.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. आमच्या घरांतील किती दिवाणखान्यांत मोरपिसांचा जुडगा फुलदाणीत उभा असतो? मोर दरवर्षी पावसाळा सरता सरता पिसारा गाळतो, म्हणून पिसांसाठी त्याला मारण्याचे कारण नाही, आणि म्हणूनच गळलेल्या पिसांच्या देशांतर्गत व्यापाराला कायद्याने सूट दिलेली आहे. वासुदेवाच्या डोक्यावरील टोपी त्या सुटीवर उभी आहे, आणि तिचा मान कोणी घालवू नये. परंतु गळलेले पीस आणि उपटलेले पीस बाजारात एकाच जुडग्यात येते. गळलेल्या पिसाचे मूळ स्वच्छ असते, उपटलेल्याच्या मुळाशी रक्ताचा डाग राहतो. विक्रेत्याने ते मूळ कापलेले असले की गिऱ्हाईकाला काहीच कळत नाही. आणि आपण ते विचारीतही नाही. गणपतीच्या आराशीसाठी शंभर पिसे घेणारा पुणेकर आणि शेतातला मोर मारू द्या म्हणणारा खेडचा जमीनदार यांत मला वाटतो तितका फरक नसावा, अशी शंका मला अलीकडे येऊ लागली आहे.

मग भुईमुगाचे काय? हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो टाळून हा लेख लिहिता येणार नाही. मोर शेतात का उतरतो, हे आधी पाहावे. चाकणच्या भोवतालची गायराने, ओढ्याकाठची झुडपे, टेकड्यांचे उतार कारखान्यांच्या, गोदामांच्या आणि बंगल्यांच्या प्लॉटांखाली गेले. आमचे हे सांगवी गावही तसेच वाढले. मुळा-पवनेच्या संगमाजवळची मळ्यांची जमीन इमारतींखाली गेली, तेव्हा तिच्याबरोबर काय काय गेले याची यादी कोणी केली नाही. अजूनही पावसाळ्याच्या तोंडी एखाद्या पहाटे सांगवी फाट्यापलीकडच्या लष्करी हद्दीतील झाडीतून मोराची हाक येते. तेथे कुंपण आहे, म्हणून झाडी आहे, म्हणून मोर आहे. जेथे कुंपण नाही तेथील मोराला शेतावाचून जागा उरलेली नाही. ज्यांनी ओढ्याकाठचे रान विकले त्यांनीच मोर शेतात येतो म्हणून तक्रार करावी, हे थोडे चमत्कारिक आहे. पण ज्याने काहीच विकले नाही अशा दोन एकरवाल्यालाही तोच मोर छळतो, आणि माझी सहानुभूती त्याच्याकडे आहे.

त्याला भरपाई मिळाली पाहिजे, आणि ती मागताना त्याचे जोडे झिजता कामा नयेत. आज वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीच्या भरपाईचे शासननिर्णय आहेत; ते रानडुक्कर, हरिण, रोही, गवा, हत्ती असली चौपायी जनावरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. एका रात्रीत अर्धा एकर लोळविणाऱ्या डुकराचा पंचनामा करता येतो. महिनाभर रोज दोन-दोन ओळी उकरणाऱ्या लांडोरींचा कसा करावा, हे पंचनामा करणाऱ्यालाही कळत नाही. वन, कृषी आणि महसूल या खात्यांची माणसे बांधावर येईपर्यंत तुटलेला कोंब वाळून मातीत मिसळलेला असतो. राष्ट्रीय पक्षी पोसण्याचा खर्च राष्ट्राने सोसावा, एका भुईमूगवाल्याने नव्हे. यात भूतदयेचा प्रश्न नाही, सरळ हिशेबाचा आहे. पेरणीपासून कोंब निबर होईपर्यंतचे तीन आठवडे खरे जोखमीचे असतात; त्या तीन आठवड्यांच्या राखणीची मजुरी गावाला दिली, तरी पंचनाम्यांचा निम्मा कागद वाचेल.

शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली म्हणून गाव आहे. तेथे चिंचेची जुनी झाडे आहेत, आणि मोर गावाभोवतीच्या शेतांत उघड फिरतात. ही झाडे पेशवाईतली, असे तेथे सांगतात. तेथील काही कुटुंबांनी मोर पाहावयास येणाऱ्यांची जेवणाची, राहण्याची सोय करून त्यावर चार पैसे मिळविण्यास सुरुवात केली. हा उपाय प्रत्येक गावाला लागू पडणार नाही. शंभर गावे मोर दाखवू लागली तर पाहुणे कोठून आणायचे? आणि मोराला दाणे टाकून छायाचित्र काढणारे शहरी पाहुणे मोराचे भले करतात असेही मला वाटत नाही. पण एक गोष्ट तेथे दिसते. ज्याला मोरापासून अल्पस्वल्प का होईना मिळकत आहे, तो शेतकरी बंदुकीचा परवाना मागत नाही; मागावयाचा झालाच तर चांगला रस्ता मागतो.

आमच्या स्नेह्यांना मी हे सारे त्या दिवशी सांगावयास हवे होते. ते हा लेख वाचतील, कारण हे मासिक त्यांच्या घरी येते. त्यांना एवढेच कळवितो की, येत्या कार्तिकात त्यांच्या शेतात हरभरा उगवून येईल तेव्हा लांडोरी पुन्हा उतरतील, पहाटे आणि सांजेला. माझ्या महाविद्यालयातील चार मुलांना मी विचारले आहे. ती यावयास तयार आहेत. गोफण कोणालाच येत नाही, तेवढी त्यांनी शिकवावी. माळा बांधण्यासाठी बांबू मी आणीन, आणि पहिल्या आठ पहाटा माझ्याकडे.